चमकणारी आणि रंग बदलणारी शाई: नोटांच्या सुरक्षेमागील विज्ञान

पाचशे रुपयांची नोट किंचित तिरकी केली, की तिच्या उजव्या कोपऱ्यात खालच्या बाजूस छापलेला ५०० हा आकडा हिरव्याचा निळा होतो. नोटेतील सुरक्षा धागाही तसाच रंग पालटतो. अतिनील दिव्याखाली नोटेवरील क्रमांक उजळून निघतात आणि कागदात मिसळलेले बारीक तंतू ठिपक्यांसारखे चमकू लागतात. पहिला परिणाम पाहण्यासाठी कोणतेही साधन लागत नाही, तर दुसऱ्यासाठी एक दिवा पुरतो. दोन्हींच्या मागे शाई आणि सूक्ष्म थर यांचे विज्ञान असून, भारतात या विज्ञानाचा व त्यावर उभ्या असलेल्या उद्योगाचा बेंगळूरु शहराशी जवळचा संबंध आहे.

भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीचे मुख्यालय बेंगळूरु येथे आहे. रिझर्व्ह बँकेची पूर्ण मालकी असलेली ही कंपनी ३ फेब्रुवारी १९९५ रोजी स्थापन झाली. म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधील सालबोनी येथील तिची मुद्रणालये १९९६ साली सुरू झाली. दोन पाळ्यांमध्ये काम केल्यास या दोन्ही मुद्रणालयांची एकत्रित क्षमता वर्षाला १६०० कोटी नोटा इतकी आहे. नोटा छापणारी अन्य दोन मुद्रणालये नाशिक आणि देवास येथे असून, ती भारतीय प्रतिभूती मुद्रण व मुद्रा निर्माण महामंडळाच्या अखत्यारीत येतात. चारही ठिकाणी लागणारी शाई बाजारात विकत मिळणाऱ्या शाईहून सर्वस्वी वेगळी असते. ती कोण बनवतो, तिच्यातील घटक कोठून येतात आणि तिचा हिशेब कसा ठेवला जातो, हे प्रश्न चलनाच्या विश्वासार्हतेशी थेट जोडलेले आहेत.

बेंगळूरुतील जुना वारसा

सुरक्षा शाईमध्ये प्रामुख्याने दोन नैसर्गिक घटनांचा उपयोग केला जातो. पहिली घटना म्हणजे संदीप्ती, अर्थात एका प्रकारचा प्रकाश शोषून दुसऱ्या प्रकारचा प्रकाश बाहेर टाकण्याचा पदार्थाचा गुणधर्म. दुसरी घटना म्हणजे अतिशय पातळ थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून निर्माण होणारे रंग. साबणाच्या फुग्यावर, मोराच्या पिसावर किंवा शिंपल्याच्या आतील बाजूस दिसणारे रंग याच दुसऱ्या प्रकारातले असतात. अशा ठिकाणी रंगद्रव्य रंग ठरवत नाही. तो थरांच्या रचनेवर आणि पाहण्याच्या कोनावर अवलंबून असतो.

या दोन्ही विषयांवर बेंगळूरुत अनेक दशकांपूर्वी मूलभूत संशोधन झाले होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ साली भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून या शहरात आले. शिंपल्यांची झळाळी, पक्ष्यांच्या पिसांचे रंग, ओपल व लॅब्राडोराइट यांसारख्या खनिजांतील रंगांचा खेळ आणि हिऱ्यांची संदीप्ती यांचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला. १९४८ साली त्यांनी स्थापन केलेल्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी जमवलेल्या खनिजांचा व रत्नांचा संग्रह जपलेला आहे. त्यांचे निकटचे सहकारी सर के. एस. कृष्णन हे पुढे दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. भारतातील सुरक्षा शाईच्या इतिहासात याच प्रयोगशाळेचे नाव वारंवार येते.

अंधारात उजळणारी शाई

संदीप्तीचे दोन प्रकार सुरक्षा मुद्रणात उपयोगी पडतात. दिवा चालू असेपर्यंत चमकणे आणि दिवा बंद होताच विझणे याला प्रतिदीप्ती म्हणतात. दिवा बंद केल्यानंतरही काही काळ चमकत राहणे याला स्फुरदीप्ती म्हणतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली प्रतिदीप्तीचे विवेचन केले. शोषलेल्या प्रकाशापेक्षा बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी अधिक असते, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा होता. म्हणूनच डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून शाई लाल, हिरवा किंवा पिवळा असा दृश्य प्रकाश देऊ शकते.

अशा शाईसाठी दोन प्रकारची रंगद्रव्ये वापरतात. सेंद्रिय रंगद्रव्ये शाईत सहज मिसळतात व तेजस्वी दिसतात. मात्र सूर्यप्रकाशात त्यांपैकी अनेकांचे तेज लवकर मंदावते. युरोपियम, टर्बियम, यट्रियम यांसारख्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आधारलेली असेंद्रिय रंगद्रव्ये अधिक टिकाऊ असतात. त्यांचा प्रकाश अरुंद व ठरावीक पट्ट्यांत बाहेर पडत असल्याने यंत्राला तो ओळखणेही सोपे जाते. त्यांची अडचण निराळी आहे. हे कठीण स्फटिक असतात. शाईत मिसळण्यासाठी ते फार बारीक दळले, तर स्फटिकांचा पृष्ठभाग बिघडतो आणि चमक घटते. जाड ठेवले, तर छपाईच्या पट्ट्या झिजतात आणि बारीक रेषा नीट उमटत नाहीत.

काही पदार्थ याच्या उलटही वागतात. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषून ते दृश्य प्रकाश देतात. यटर्बियम व अर्बियम या जोडीवर आधारलेले असे पदार्थ १९६० च्या दशकापासून ज्ञात आहेत. साध्या अतिनील दिव्याखाली ही खूण दिसत नसल्याने तिचा उपयोग मुख्यतः यंत्राने होणाऱ्या तपासणीसाठी करता येतो.

नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली निस्तेज राहणे हाही या व्यवस्थेचाच भाग आहे. बाजारातील बहुतेक पांढऱ्या कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने असतात व ती निळसर चमकतात. नोटेच्या कागदात ती वापरली जात नाहीत. त्यामुळे दिव्याखाली साध्या कागदावरची बनावट नोट सर्वांगाने उजळते, तर खऱ्या नोटेवर केवळ ठरावीक खुणाच चमकतात. मात्र कपड्यांच्या खिशात राहून धुलाईच्या पावडरीतून निघालेली खरी नोटही निळसर दिसू शकते, कारण त्या पावडरीत तशीच रसायने असतात. म्हणूनच एकाच खुणेवरून निष्कर्ष काढणे योग्य नसते.

धातूच्या चकत्या आणि कोनाचा खेळ

सोनेरी किंवा रुपेरी शाईतील झळाळी धातूच्या सूक्ष्म चकत्यांमुळे येते. रुपेरी शाईत अॅल्युमिनिअमच्या, तर सोनेरी शाईत तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूच्या चकत्या असतात. तांब्याचे प्रमाण वाढले की रंग लालसर होतो. चकत्या एकमेकींना चिकटू नयेत यासाठी दळताना त्यांवर स्टिअरिक आम्लासारख्या स्निग्ध पदार्थाचा लेप दिला जातो. लेप दिलेल्या चकत्या शाईच्या पृष्ठभागावर येऊन माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकींलगत पसरतात आणि आरशासारखे परावर्तन घडवतात.

बनावटगिरी रोखण्यासाठी या झळाळीचा उपयोग होण्यामागे एक साधे कारण आहे. रंगीत झेरॉक्स यंत्र किंवा स्कॅनर कागदावर एका ठरावीक कोनातून प्रकाश टाकतो आणि एकाच कोनातून तो टिपतो. कोनानुसार बदलणारी झळाळी त्याला टिपता येत नाही. प्रतीमध्ये त्या जागी करडा किंवा तपकिरी ठिपका उरतो. १९८० च्या दशकात रंगीत प्रती काढणारी यंत्रे सर्वत्र पोहोचू लागली, तेव्हा जगभरातील मध्यवर्ती बँकांना अशा उपायाची निकड भासली. साधी धातूची शाई मात्र बाजारात कोणालाही मिळते. त्यामुळे केवळ झळाळी पुरेशी नव्हती. कोनानुसार रंगही बदलावा लागणार होता.

यातूनच रंग बदलणारी शाई पुढे आली. निर्वात पोकळीत एका पातळ पटलावर क्रोमियम, मॅग्नेशियम फ्लोराइड, अॅल्युमिनिअम, पुन्हा मॅग्नेशियम फ्लोराइड आणि पुन्हा क्रोमियम असे पाच थर चढवले जातात. हे थर पटलावरून सोडवून त्यांचे तुकडे केले, की सुमारे एक मायक्रॉन जाडीच्या व वीस मायक्रॉनच्या आसपास रुंदीच्या चकत्या मिळतात. वरच्या व मधल्या थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकत्र येऊन ठरावीक रंग दाखवतात. चकती तिरकी केली की या दोन लहरींच्या मार्गांतील फरक कमी होतो आणि रंग कमी तरंगलांबीकडे सरकतो. हिरव्याचा निळा होण्याचे कारण हेच आहे. हा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसल्याने चार रंगांच्या साध्या छपाईने त्याची नक्कल होऊ शकत नाही.

अशी शाई नोटेवर प्रथम १९८७ साली थायलंडमध्ये, राजाच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त काढलेल्या ६० बाथच्या नोटेवर वापरण्यात आली. भारतात २००० साली १००० रुपयांच्या व नव्या रंगातील ५०० रुपयांच्या नोटांवर ती आली. १००० रुपयांची व त्या मालिकेतील ५०० रुपयांची नोट नोव्हेंबर २०१६ मध्ये चलनातून बाद झाली. सध्याच्या नव्या मालिकेतील ५०० आणि २०० रुपयांच्या नोटांवरील आकड्यात ही शाई आहे. १०० रुपयांच्या नोटेत सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो.

प्रयोगशाळेतून मुद्रणालयात

प्रयोगशाळेत चमकणारी पूड तयार होणे हा शाईच्या विकासाचा केवळ आरंभ असतो. शाईचे तीन मुख्य भाग असतात: रंगद्रव्य, त्याला वाहून नेणारे तेल व रेझिन यांचे मिश्रण आणि सुकण्याचा वेग, चिकटपणा यांसारखे गुण ठरवणारी पूरक द्रव्ये. छपाईच्या पद्धतीनुसार हे प्रमाण बदलते. ऑफसेट छपाईत शाईचा थर एखाद-दोन मायक्रॉन इतकाच असतो. वीस मायक्रॉन रुंदीच्या चकत्या त्यात सामावत नाहीत. म्हणून रंग बदलणाऱ्या शाईसाठी जाळीतून होणारी स्क्रीन छपाई किंवा इंटाग्लिओ छपाई वापरावी लागते.

इंटाग्लिओ म्हणजे धातूच्या पट्टीत कोरलेल्या खोल रेषांत शाई भरून ती प्रचंड दाबाने कागदावर उमटवण्याची पद्धत. नोटेवरील चित्राला हात लावला असता जाणवणारा उठाव याच पद्धतीमुळे येतो. दृष्टिहीन व्यक्तींसाठी असलेल्या उठावाच्या खुणाही अशाच छापल्या जातात. या पद्धतीत पट्टीवरील जादा शाई अल्कलीयुक्त द्रावणाने पुसून काढली जाते. अॅल्युमिनिअम अल्कलीत विरघळते. त्यामुळे चकत्यांच्या उघड्या कडांना संरक्षण द्यावे लागते. शाई पट्टीवरून सहज पुसली गेली पाहिजे, पण खोल रेषांतून निघता कामा नये. कागदावर ती उठून दिसली पाहिजे, पण वरच्या कागदाच्या पाठीवर उमटता कामा नये. त्यानंतर चुरगळणे, घडी, घाम, साबण, तेल, पेट्रोलसारखी द्रावणे आणि ऊन यांच्या कसोट्या असतात. एखादे रंगद्रव्य प्रयोगशाळेत उत्कृष्ट ठरूनही या टप्प्यावर नापास होऊ शकते.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने विकसित केलेली द्विसंदीप्त शाई हे या प्रवासाचे बोलके उदाहरण आहे. २०१९ साली या संशोधनाची माहिती प्रसिद्ध झाली. युरोपियमयुक्त सोडियम यट्रियम फ्लोराइड हा लाल प्रकाश देणारा पदार्थ आणि युरोपियम व डिस्प्रोशियमयुक्त स्ट्राँशियम अॅल्युमिनेट हा हिरवा प्रकाश देणारा पदार्थ तीनास एक या प्रमाणात मिसळून ४०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवण्यात आले. त्यातून मिळालेली पूड साध्या प्रकाशात पांढरी दिसते. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ती लाल चमकते, तर ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात हिरवी. आणि हा हिरवा प्रकाश दिवा बंद केल्यावरही रेंगाळतो. एकाच खुणेत तीन कसोट्या साधल्या जातात. एक किलो शाई तयार करून ती देवास येथील बँक नोट मुद्रणालयाकडे सोपवण्यात आली आणि वापरात असलेल्या मानकांशी तिची कामगिरी तुल्य असल्याचे आढळले. प्रत्यक्ष वापरात मात्र शाई टनांमध्ये लागते आणि प्रत्येक घाणीतील रंग, चमक व प्रवाहीपणा एकसारखा राखावा लागतो.

मोहालीच्या नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतही असे संशोधन सुरू आहे. तेथील संशोधकांनी स्ट्राँशियम बिस्मथ फ्लोराइडच्या नॅनोकणांत अर्बियम व यटर्बियम मिसळून एक शाई तयार केली. ती दोन वेगवेगळ्या अतिनील तरंगलांबींखाली निळा व किरमिजी आणि अवरक्त प्रकाशाखाली नारिंगी-लाल असे तीन रंग दाखवते.

म्हैसूरची 'वर्णिका'

रंग बदलणाऱ्या शाईसाठी भारताला दीर्घकाळ परदेशी पुरवठादारांवर अवलंबून राहावे लागले. जगात अशी शाई बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच असून, एकच पुरवठादार अनेक देशांना शाई पुरवतो. त्यामुळे खर्चाबरोबरच गोपनीयतेचा व अखंड पुरवठ्याचा प्रश्नही निर्माण होतो. या पार्श्वभूमीवर बेंगळूरुस्थित नोट मुद्रण कंपनीने म्हैसूर येथे 'वर्णिका' हा शाई निर्मिती विभाग उभारला. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी २८ मार्च २०२२ रोजी तो राष्ट्राला समर्पित केला. त्याची वार्षिक क्षमता १५०० मेट्रिक टन आहे. रंग बदलणारी इंटाग्लिओ शाई येथे तयार होते आणि देशातील नोट मुद्रणालयांची संपूर्ण गरज भागवली जाते, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी जाहीर केले. देवासच्या मुद्रणालयाशी संलग्न असलेला शाईचा कारखाना त्याआधीपासून कार्यरत आहे.

कागदाच्या बाबतीतही असेच पाऊल उचलण्यात आले. नोट मुद्रण कंपनी व महामंडळ यांच्या संयुक्त मालकीची बँक नोट पेपर मिल ही कंपनी २०१० साली स्थापन झाली. म्हैसूर येथील तिच्या गिरणीची क्षमता वर्षाला १२,००० मेट्रिक टन आहे. कागद, शाई आणि छपाई ही तिन्ही कामे आता एकाच शहरात होतात.

निर्मिती देशात होत असली तरी संदीप्त शाईच्या कच्च्या मालाचा प्रश्न उरतो. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये वेगळी करून शुद्ध करण्याच्या उद्योगावर चीनचे वर्चस्व आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यट्रियम, टर्बियम, गॅडोलिनियम व डिस्प्रोशियम यांच्यासह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. ही चारही मूलद्रव्ये संदीप्त पदार्थांत उपयोगी पडतात. भारताच्या किनारी वाळूत मोनाझाइट हे खनिज आढळते व त्यापासून ही मूलद्रव्ये मिळवण्याचे काम सरकारी उपक्रमाद्वारे १९५० च्या दशकापासून चालत आले आहे. शाईसाठी लागणारे प्रमाण अल्प असले, तरी आवश्यक शुद्धता फार मोठी असते.

बोटावरची शाई

संशोधन एका ठिकाणी व उत्पादन दुसऱ्या ठिकाणी, ही पद्धत भारताला नवी नाही. मतदारांच्या बोटाला लावली जाणारी न पुसणारी शाई राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने विकसित केली आणि तिचे उत्पादन म्हैसूरच्या सरकारी कारखान्याकडे सोपवण्यात आले. हा कारखाना म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९३७ साली सुरू झाला असून, आज तो मैसूर पेंट्स अँड व्हार्निश या नावाने ओळखला जातो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई वापरात आहे.

ही शाईही धातूवरच आधारलेली आहे. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट त्वचेवरील क्षारांशी संयोग पावते आणि प्रकाशात काळे पडते. त्वचेचा वरचा थर झडेपर्यंत ही खूण जात नाही. सिल्व्हर नायट्रेटचा हा गुणधर्म कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचावयास मिळतो. तरीही ही शाई सहा दशकांहून अधिक काळ उपयोगी ठरली आहे. तिचे नेमके मिश्रण मोजक्या लोकांपुरते मर्यादित ठेवण्यात आले, ती एकाच कारखान्यातून निवडणूक यंत्रणेलाच पुरवली गेली आणि मतदान केंद्रावर ती तपासण्याची जबाबदारी ठरावीक अधिकाऱ्यावर सोपवण्यात आली.

युरोपातील एका प्रकरणातूनही हाच मुद्दा पुढे येतो. युरो नोटा चलनात आल्या त्याच वर्षी, २००२ साली, नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी नेहमीची प्रयोगशाळेतील उपकरणे वापरून त्या नोटांचा संदीप्त प्रकाश मोजला. लाल चमक युरोपियमची असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे युरोची सुरक्षा कोसळली नाही. मूलद्रव्याचे नाव कळणे आणि ती शाई, तो कागद व ती छपाई एकत्र जमवून आणणे यांत मोठे अंतर असते.

मुद्रांक घोटाळ्याचा धडा

हे अंतर ज्या दिवशी आतूनच कमी होते, त्या दिवशी उत्तमातील उत्तम शाईही निरुपयोगी ठरते. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथील अब्दुल करीम तेलगी याने चालवलेला बनावट मुद्रांक घोटाळा याची साक्ष देतो. २००० साली बेंगळूरुत बनावट मुद्रांक विकणाऱ्यांना अटक झाल्यानंतर या प्रकरणाचे धागेदोरे उलगडू लागले आणि २००१ साली तेलगीला अजमेर येथे पकडण्यात आले. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयातून निकाली काढलेली यंत्रसामग्री त्याने मिळवली होती, असे तपासात पुढे आले. त्याने छापलेले मुद्रांक अनेक राज्यांत बँका, विमा कंपन्या व खासगी आस्थापनांनी वापरले. महाराष्ट्रात या प्रकरणी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली. २००४ साली तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. तेलगीला दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बेंगळूरुतील रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

या प्रकरणात बनावट मुद्रांक वर्षानुवर्षे चालले, कारण ते घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते तपासले. मुद्रांक हातात पडतो, त्यावर करार लिहिला जातो आणि तो कपाटात जातो. नोटेप्रमाणे तो पुन्हा बँकेच्या खिडकीवर येत नाही. पुढे अनेक राज्यांनी ई-मुद्रांकाचा मार्ग स्वीकारला. त्यात कागदावरील खुणेइतकेच महत्त्व मध्यवर्ती नोंदीतील क्रमांकाला असते.

तपासणी कोणाच्या हाती

सुरक्षा खुणा तीन पातळ्यांवर विभागल्या जातात. पहिली पातळी सर्वसामान्य नागरिकासाठी असते: रंग बदलणारा आकडा, सुरक्षा धागा, जलचिन्ह आणि बोटांना जाणवणारा उठाव. दुसरी पातळी रोखपालासाठी असते: अतिनील दिवा आणि भिंग. तिसरी पातळी मध्यवर्ती बँकेची वर्गीकरण यंत्रे व न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांच्यासाठी राखलेली असून, तिचा तपशील जाहीर केला जात नाही. तिसऱ्या पातळीची शाई कितीही प्रगत असली तरी बाजारात भाजी विकणाऱ्याच्या हाती पडलेली नोट ओळखण्यास ती उपयोगी पडत नाही. तेथे पहिल्या पातळीवरच भिस्त असते.

या भिस्तीचे महत्त्व आकडेवारीवरून ध्यानात येते. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ या वर्षात बँकिंग व्यवस्थेत २,१७,३९६ बनावट नोटा आढळल्या. त्यांपैकी १,१७,७२२ नोटा नव्या मालिकेतील ५०० रुपयांच्या होत्या. आदल्या वर्षीच्या तुलनेत ही वाढ ३७.३ टक्के होती. मार्च २०२५ अखेर चलनातील एकूण मूल्यापैकी ८६ टक्के मूल्य ५०० रुपयांच्या नोटांमध्ये होते. याच वर्षात नोटांच्या छपाईवर ६३७२.८ कोटी रुपये खर्च झाले. बनावट नोटांचे हे आकडे केवळ बँकांपर्यंत पोहोचून पकडल्या गेलेल्या नोटांचे आहेत.

बँकेत आढळलेली बनावट नोट परत मिळत नाही आणि तिचा मोबदलाही मिळत नाही. बँक त्या नोटेवर बनावट असल्याचा शिक्का मारून ती जप्त करते व भरणा करणाऱ्यास पावती देते. एकाच व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्यास बँक महिन्याच्या एकत्रित अहवालाद्वारे पोलिसांना कळवते. पाच किंवा अधिक आढळल्यास गुन्हा नोंदवला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ नुसार चलन बनावट करणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोट बनावट असल्याचे ठाऊक असूनही ती खरी म्हणून चालवण्याच्या हेतूने जवळ बाळगणे हाही कलम १८० नुसार गुन्हा आहे. मात्र ती कायदेशीर मार्गाने हाती आल्याचे सिद्ध केल्यास या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. शिक्षा टळली तरी नोटेचे पैसे बुडतात. दिवसाला काही शे रुपये मिळवणाऱ्या फेरीवाल्यासाठी पाचशेची एक बनावट नोट म्हणजे संपूर्ण दिवसाची कमाई असते.

दुसरीकडे, नोटांच्या खुणांविषयी अफवाही पसरतात. २०१६ साली २००० रुपयांच्या नव्या नोटेत ठावठिकाणा सांगणारी चिप असल्याची बातमी देशभर पसरली होती. ती निराधार होती. २०२३ साली क्रमांकात तारा असलेल्या नोटा बनावट असल्याचे समाजमाध्यमांवर सांगितले गेले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला अशा नोटा वैध असल्याचा खुलासा करावा लागला. सदोष छापल्या गेलेल्या नोटांच्या जागी ज्या नोटा घातल्या जातात, त्यांच्या क्रमांकात हा तारा असतो.

मोठ्या रकमेचा व्यवहार करताना ५०० व २०० रुपयांच्या नोटेवरील उजवीकडचा खालचा आकडा तिरक्या कोनातून पाहावा. तो हिरव्याचा निळा झाला पाहिजे. सुरक्षा धाग्याचा रंगही तसाच बदलला पाहिजे आणि प्रकाशासमोर धरल्यास तो सलग दिसला पाहिजे. छायाचित्राच्या जागी बोट फिरवल्यास उठाव जाणवला पाहिजे. एखादी खूण झिजल्यामुळे अस्पष्ट असू शकते, म्हणून किमान तीन खुणा तपासाव्यात. दिव्याखालील तपासणी उपलब्ध असल्यास क्रमांक व तंतू चमकतात की नाही, आणि कागद निस्तेज राहतो की नाही, हे दोन्ही पाहावे. संशय आल्यास नोट दुसऱ्याकडे चालवण्याऐवजी बँकेच्या शाखेत दाखवावी.